बहुमतानं ठरलेला चौरस

काकू गेल्या त्या दिवशी काका अंगणात झाडांना पाणी घालत होते. हौस म्हणून नव्हे. सकाळी दवाखान्यात काकूच म्हणाल्या होत्या, "इथं बसून माझ्या तोंडाकडं काय बघताय? घरी जा. झाडं सुकली असतील." काकूंचं ऐकायची सवय इतकी जुनी, की काका मुकाट्यानं उठले आणि गेले. काकूंपाशी त्यांची धाकटी बहीण बसली होती. तिचाच फोन आला. काकांच्या एका हातात पाण्याचा पाइप होता.

"भावजी, ताई गेली."

"बरं," काका म्हणाले.

मग त्यांनी फोन खिशात ठेवला, उरलेल्या दोन झाडांना पाणी घातलं, नळ बंद केला, पाइप नीट गुंडाळला आणि दवाखान्यात गेले. हे बिल्डिंगमधल्या बऱ्याच खिडक्यांनी पाहिलं. खिडक्यांना तोंड असतंच. बायको गेल्याचं कळल्यावर माणूस पाइप गुंडाळत बसला, हे फिरत फिरत धाकटीच्या कानावर गेलं. ते 'बरं' तिनं स्वतःच ऐकलं होतं. तिनं भावजींशी बोलणं टाकलं.

ही झाली दुःखाची बाजू. बाकीची गोष्ट भूमितीची आहे, आणि तिच्यात काकांची जी फजिती झाली तिला दुःख म्हणता येणार नाही.

काकांची सगळी नोकरी बस डेपोत टाइमकीपर म्हणून झाली. कुठली गाडी किती वाजता फाटकाबाहेर पडली ते लिहायचं आणि उशीर करणाऱ्या ड्रायव्हरकडं चष्म्यावरून बघायचं. बिल्डिंग त्यांना डेपोकाका म्हणायची. आपण नेमकेपणात कुणाला हार जाणार नाही अशी त्यांची स्वतःबद्दल समजूत होती, आणि ती काकूंनी कधी मोडली नव्हती. निदान चारचौघांत तरी नाही.

काकू गेल्यावर काही महिन्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर सोसायटीची सूचना लागली. अंगणात जिथे जिथे फरशी नाही तिथे ती बसवण्यात येईल व पार्किंगचे पट्टे आखण्यात येतील. ज्या सभासदांचे वाफे असतील त्यांनी आकार व मापे देऊन अर्ज करावा. अर्ज न आल्यास वाफा नाही असे धरण्यात येईल.

'ज्या सभासदांचे' हे उगाच. अख्ख्या अंगणात वाफा एकच होता, काकूंचा. पूर्वी कधीतरी पाण्याची लाइन फुटली तेव्हा कामगारांनी अंगण तिरपं खणलं, फरश्या फोडल्या आणि खड्डा बुजवून निघून गेले. नव्या फरश्या येणार येणार म्हणून सगळे वाट बघत राहिले. काकू राहिल्या नाहीत. त्यांनी उरलेसुरले तुकडे उचलले, माती घातली, एका टोकाला गुलाब लावला आणि कडेनं विटा लावल्या. चारही बाजूंना सारख्याच विटा. एका बाजूला जास्त आणि दुसरीला कमी, असं त्यांना पानात वाढतानाही जमायचं नाही.

काका अर्ज आणायला सेक्रेटरींकडं गेले. सेक्रेटरी स्वभावानं वाईट नव्हते, फक्त त्यांचा नियमांवर फार जीव होता. काही लोक मांजर पाळतात तसे ते नियम पाळायचे, अंगाखांद्यावर खेळवून.

"आकार लिहा," ते म्हणाले.

"लिहायचं काय त्यात? चौकोनी आहे."

"चौकोनी कसा? इथं चार रकाने आहेत. चौरस, आयत, गोल, इतर. चौकोनी असा रकानाच नाही."

"मग इतर लिहितो."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "काका, मी तुमच्या भल्याचं सांगतो. इतरच्या वाटेला जाऊ नका. इतरला आकाराचं नाव लागतं, लेखी पुरावा लागतो, दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. चौरसाला काही लागत नाही. चौरस म्हटलं की चौरस."

काका माप घ्यायला खाली उतरले. माप घ्यायला उतरलेला एकटा माणूस दिसला की बिल्डिंगला कसं समजतं कोण जाणे. तळमजल्यावरच्या शिलाईमावशी गळ्यात टेप अडकवूनच बाहेर आल्या.

"धरा ते टोक. सैल धरा. अंगाला बोचता कामा नये."

"मावशी, मातीला काय बोचणार?"

"सवय हो." त्यांनी चारही बाजू मापल्या, एकीला चुकून कंबर म्हणाल्या. चारही बाजू सारख्या भरल्या. अंगणातल्या चौकोनी फरश्यांत मोजलं तर प्रत्येकी पाच फरश्यांएवढ्या.

"चारही सारख्या," काका म्हणाले. "चौरस!"

"छे, चौरस कुठला?" मावशी दोन पावलं मागं सरकून म्हणाल्या. "माझ्या दारातून बघा, पतंगासारखा दिसतो. एका अंगाला ओढ आहे त्याला."

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बँकवाले खाली वाकले. हे निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी कुणी काही विचारलं की आधी सही जुळते का ते बघायचे. "आयत आहे तो! माझ्या खिडकीतून स्वच्छ दिसतो. लांबडा."

"तुमच्या खिडकीतून सगळंच लांबडं दिसतं," मावशी म्हणाल्या. "मी पण."

काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफा दिसायचा, आणि तिथून तो चौरसच दिसायचा. झाडं इतकी दाटली होती की कडा कुणालाच धड दिसत नव्हत्या, हा भाग वेगळा. पण काकांना खात्री होती, आणि खात्रीमागचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काकूंनी वाकडंतिकडं काही केलेलं त्यांना आठवत नव्हतं. घडी घातलेली चादर, चिरलेली भाजी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सरळ. वाफाच तेवढा वाकडा कशाला असेल?

बँकवाल्यांनी आयताचा अर्ज वेगळा द्यायचं ठरवलं. तेव्हा सेक्रेटरींनी सभा बोलावली. विषयपत्रिकेवर विषय एकच: वाफ्याचा आकार ठरवणे. सभेला लोक उशिरा आले आणि पंखा नीट चालत नसल्यामुळे लवकर कंटाळले. आयताला हात वर करा म्हटल्यावर बँकवाले आणि त्यांची बायको, पतंगाला मावशी. काका उभे राहून म्हणाले, "मी स्वतः टेप लावून मोजलंय. चारही बाजू सारख्या आहेत. ज्याला पटत नसेल त्यानं खाली येऊन मोजावं." एवढ्या उकाड्यात खाली कोण जाणार? चौरसाला भराभर हात वर झाले. ठराव मंजूर झाला. सेक्रेटरींनी शिक्का मारला. काका घरी आले आणि खिडकीतून वाफ्याकडं बघत म्हणाले, "झालं गं तुझं काम."

ते म्हणजे बस सुटण्याआधीच वेळ लिहून टाकण्यातला प्रकार झाला. असं करणाऱ्याला त्यांनी डेपोत कधी माफ केलं नसतं.

सोमवारी गवंडी आला. त्यानं कागद बघितला. "चौरस, बाजू पाच फरश्या. बरोबर?"

"बरोबर."

गवंड्यानं कंपाउंडच्या भिंतीकडची बाजू तशीच ठेवली आणि बाकी तीन बाजूंच्या विटा उपटून ढीग घातला. मग काटकोन बघायचा लोखंडी गुण्या कोपऱ्यात लावला, दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या आणि पांढरी फक्की टाकली. काका चहाचा कप घेऊन कौतुकानं बघत होते. फक्कीचा चौरस पुरा झाला तेव्हा कप त्यांच्या ओठांपाशीच राहिला.

चौरसाच्या आत बँकवाल्यांची स्कूटर होती. गुलाब बाहेर होता.

"अहो, हे काय केलंत?"

"चौरस."

"पण गुलाब?"

"तो चौरसात येत नाही," गवंडी शांतपणे म्हणाला. "तिथं उद्या फरशी बसणार."

"आणि ती स्कूटर?"

"ती चौरसात येते. तिथं माती टाकायची."

यापुढचं संभाषण बँकवाल्यांनी गॅलरीतून सुरू केलं आणि ते जिना उतरून खाली येईपर्यंत खंड पडू दिला नाही. सारांश असा, की त्यांची स्कूटर ही झाड नव्हे, तिला कुणी पाणी घालू नये, आणि आयत म्हटलं होतं तेव्हा ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. आयत केला असता तर स्कूटर वाचली असती की नाही हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

काका सेक्रेटरींकडं धावले. सेक्रेटरींना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी फाइल उघडून दाखवली. "तुमचाच अर्ज, काका. तुमचीच सही. सभेत तुमचंच भाषण. आता ठराव बदलायचा तर पुरावा लागेल. लेखी. शाळेत सिद्धता लिहायचो ना, तशी."

"मी डोळ्यांनी बघतोय की गुलाब बाहेर चाललाय!"

"डोळ्यांनी तर सगळ्यांनीच बघितलं होतं. म्हणून तर मतदान घ्यावं लागलं."

काका घरी गेले, प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आले आणि गुलाबाच्या शेजारी मांडून बसले. फरशी बसवायचीच असेल तर आधी त्यांच्यावर बसवावी लागली असती. गवंडी म्हणाला, "बसा की. मी तोवर टाकीचं काम घेतो." आंदोलनाला इतका समंजस विरोधक मिळाला की बसणाऱ्याची पंचाईत होते. ऊन वाढलं तशी मावशींनी छत्री आणून दिली. फुलाफुलांची, बायकी. येणारे-जाणारे विचारायचे, "काय काका, गाडीची वाट बघताय?" डेपोत ज्याच्या नुसत्या चष्म्याला ड्रायव्हर टरकायचे, तो माणूस फुलाफुलांच्या छत्रीखाली हे ऐकून घेत होता.

"पुरावा हवाय ना?" मावशी म्हणाल्या. "तुमची मेहुणी शाळेत गणित शिकवते ना? काकू सारखं सांगायच्या. आमची धाकटी म्हणजे भूमितीत कुणाला हार जात नाही म्हणून."

काकांनी छत्री जरा खाली ओढली. "ती बोलत नाही माझ्याशी."

"तिला बोलायला कोण सांगतंय? गणित करायला सांगा."

काकांनी फोन लावला. वाजत राहिला. शेवटी उचलला गेला.

"कोण बोलतंय?" धाकटी म्हणाली. नाव समोर दिसत असणारच.

"मी. भावजी."

काकांनी छत्रीचा दांडा दुसऱ्या हातात घेतला.

"तुझ्या ताईचा वाफा चाललाय," काका म्हणाले. "चौरस नाहीये म्हणतात. म्हणजे मीच चौरस म्हणालो. आता तो काय आहे ते सिद्ध करून द्यायचंय. मला येत नाही."

 धाकटी म्हणाली, "चारही बाजू सारख्या आहेत म्हणून चौरस म्हणालात?"

"हो."

"नववीतली पोरं हीच चूक करतात," ती म्हणाली. "शाळा सुटली की येते. कशाला हात लावू देऊ नका."

धाकटी आली ती खडूची डबी घेऊन. काकांकडं न बघता ती वाफ्याभोवती एक फेरी मारून आली. विटा उपटल्या होत्या तरी मातीची कड जागच्या जागी होती, आणि चारही कोपरे फरश्यांच्या सांध्यांवर बरोबर आले होते. गुलाबापाशी ती क्षणभर थांबली. मग तिचा वर्गातला आवाज लागला.

"सगळं अंगण चौकोनी फरश्यांचं आहे. म्हणजे आलेखाचा कागद तयारच आहे. आता सुरुवातीचा बिंदू पाहिजे. आरंभबिंदू. तो नळ धरू."

नळ कंपाउंडच्या कोपऱ्यात होता. तिनं नळाखाली शून्य काढलं. भिंतीच्या कडेनं उजवीकडं जाणारी रेघ हा एक अक्ष, नळापासून बिल्डिंगकडं जाणारी रेघ हा दुसरा. "आधी उजवीकडं किती फरश्या, मग वर किती. प्रत्येक कोपऱ्याला दोन आकडे. तुम्ही मोजा. सिद्धता तुम्ही द्यायची आहे, मी नाही."

"मी?"

"अर्जावर सही कुणाची आहे?"

काका मोजायला लागले. पहिला कोपरा: उजवीकडं दोन, वर एक. मग सात, एक. मग बिल्डिंगकडच्या बाजूचे दोन: गुलाबाचा दहा, पाच आणि स्कूटरजवळचा पाच, पाच. त्यांनी सगळं कागदावर उतरवलं आणि पडताळून बघायला म्हणून धाकटीनं त्यांना कागदावरून पुन्हा चालायला लावलं. गुलाबाच्या कोपऱ्याला निघालेले काका सरळ चालत मावशींच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि आत कपडे बेतणाऱ्या मावशींकडं बघून थांबले.

"या," मावशी म्हणाल्या. "काय शिवायचंय?"

"कोपरा तुमच्या घरात येतोय."

"भावजी!" धाकटी ओरडली. "आकडे उलटे घेतलेत! आधी उजवीकडं दहा, मग वर पाच. तुम्ही आधी वर दहा गेलात."

काका परत आले, चष्मा पुसला. आणि मग एकाएकी त्यांना ते उमगलं. "थांब. नळ म्हणजे डेपो. पहिला आकडा म्हणजे हमरस्त्यानं किती थांबे जायचं. दुसरा म्हणजे वळल्यावर आत किती थांबे. गाडी आधी हमरस्त्यानंच जाते. उलटं करून चालतच नाही. मग असं सरळ सांगायचं ना!"

धाकटीनं त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "ठीक आहे. डेपो तर डेपो. आता चढ. गाडी या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर गेली तर किती पुढं गेली आणि किती चढली? चढलेलं भागिले पुढं गेलेलं."

भिंतीकडची बाजू: पाच पुढं, चढ काहीच नाही. शून्य. स्कूटरपासून गुलाबापर्यंतची बाजू: तीही शून्य.

"दोघींचा चढ सारखा, म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही गाड्या कितीही लांब गेल्या तरी भेटत नाहीत."

"समांतर म्हणतात त्याला. आता तिरप्या बाजू."

पहिली तिरपी: तीन पुढं, चार वर. दुसरी तिरपी: तीन पुढं, चार वर. त्याही समांतर.

"आता ऐका," धाकटी म्हणाली. "भिंतीकडची बाजू आडवी आहे. तिच्याशी काटकोन करायचा तर दुसरी बाजू सरळ वर जायला हवी होती, पुढं अजिबात न सरकता. ही तीन फरश्या सरकली. कोपऱ्यात काटकोन नाही. म्हणून हा चौरस नाही. आयतही नाही."

"पण बाजू सारख्या कशा? तीन पुढं आणि चार वर म्हणजे सात झाले. आडव्या बाजू पाचच्या आहेत."

"रस्त्यानं वळून गेलात तर सात. तिरपं गेलात तर तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, मिळून पंचवीस, त्याचं वर्गमूळ पाच. डेपोत शॉर्टकट नव्हता का कुठला?"

"होता. पण परवानगी नव्हती."

धाकटी हसली. हसली म्हणजे नाकातून एक आवाज आला आणि तिनं लगेच तोंड फिरवलं.

"समोरासमोरच्या बाजू समांतर, चारही बाजू सारख्या, कोपऱ्यांत काटकोन नाही," ती म्हणाली. "समभुज चौकोन."

 काका हट्टानं म्हणाले, "म्हणजे वाकडाच."

"वाकडा नाही, भावजी. पाइपलाइन तिरपी खणली होती, फुटलेल्या फरश्या तिरप्या होत्या. ताईनं चांगली फरशी एकही उचलली नसेल. जागा तिरपी मिळाली, तिच्यातच तिनं चारी बाजू सारख्या केल्या. नुसत्या विटा मोजून." तिनं खडू समोरच्या कोपऱ्याकडं केला. "काटकोन बघायचाच असेल तर दाखवते. या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात चला. किती?"

"आठ पुढं, चार वर."

"चढ एक छेद दोन. आता दुसरा कर्ण."

"दोन मागं, चार वर."

"उणे दोन. दोघांचा गुणाकार उणे एक. म्हणजे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. काटकोन आहे, पण मधोमध. कडेनं बघणाऱ्याला दिसत नाही."

दोघंही नकळत वाफ्याच्या मध्यावर बघू लागले. तिथं विशेष काही नव्हतं. पालापाचोळा होता आणि एक प्लास्टिकचा मग उपडा पडला होता. पाइप पोचायचा नाही त्या झाडांना काकू मगानं पाणी घालायच्या.

"तुम्ही त्या दिवशी नुसतं बरं म्हणालात," धाकटी म्हणाली. वर्गातला आवाज गेला होता. "मी ताई गेली म्हटलं आणि तुम्ही बरं म्हणालात. आणि मग झाडांना पाणी घातलंत."

"दोन राहिली होती."

"भावजी!"

"अगं, ती विचारायची," काका म्हणाले. "मी पाणी घालून वर गेलो की पहिलं हेच. सगळ्यांना घातलंत का? कोपऱ्यातल्यांना घातलंत का? मी खोटं सांगितलं की तिला कळायचं. तुझा फोन आला आणि मला वाटलं, आता दवाखान्यात गेलो की ती विचारणार. दोन राहिली म्हणून सांगितलं तर चिडणार. म्हणून घातलं." त्यांनी नळाकडं बघितलं. "नळ बंद करताना लक्षात आलं."

धाकटी खाली बसली, सरळ फरशीवर, आणि खडूची डबी उगाच उघडझाप करत राहिली. काकांना काय करावं सुचेना. त्यांनी फुलाफुलांची छत्री तिच्या डोक्यावर धरली. ऊन तर केव्हाच उतरलं होतं.

"मला एक फोन तरी करायचात," ती म्हणाली.

"तू बोलत नव्हतीस."

"मग काय झालं? मी बोलत नव्हते, तुम्हाला काय झालं होतं?"

 काकूही असंच भांडायच्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी फाइल घेऊन अंगणात उतरले आणि त्यांच्यामागून सगळी बिल्डिंग उतरली. सभेला न येणारेही आले, कारण हवा बरी होती. काकांनी हातात खडू घेतला आणि घसा खाकरला. "हा नळ म्हणजे डेपो," त्यांनी सुरुवात केली, आणि सेक्रेटरींना चारही कोपऱ्यांवर पायी फिरवलं. वळणाच्या आधी हमरस्ता संपवायला लावला. सेक्रेटरी एकदा तिरपे निघाले तेव्हा काकांनी त्यांच्याकडं चष्म्यावरून बघितलं. सेक्रेटरी निमूट परत फिरले.

शेवटी काका म्हणाले, "म्हणून हा समभुज चौकोन."

बँकवाले पुढं आले. "एक हरकत आहे. चौरसाच्याही चारही बाजू सारख्या असतात. म्हणजे चौरस हाही समभुज चौकोनच. मग ठराव चुकीचा कसा?"

लोकांत कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड वाटत होता. स्वतःची स्कूटर ज्या चौरसात होती त्याचीच बाजू आपण घेतोय, हे बँकवाल्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. काकांनी धाकटीकडं बघितलं.

"प्रत्येक सेक्रेटरी सोसायटीचा सभासद असतो," धाकटी म्हणाली. "पण म्हणून प्रत्येक सभासद सेक्रेटरी असतो का?"

"अजिबात नाही!" सेक्रेटरी पटकन म्हणाले. सबंध सिद्धतेतला हा भाग त्यांना सगळ्यात जास्त पटला.

"आणि जागाही बघा," काका म्हणाले. "चौरसाला पंचवीस फरश्या लागतात. या आकाराला आडवी बाजू पाच आणि उंची चार, म्हणजे वीसच. स्कूटरची जागा सुटते."

"म्हणजे स्कूटर हलवायची नाही?" बँकवाल्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हे आधी सांगायचं," ते म्हणाले आणि सही करायला पेन काढलं. दुसरी सही मावशींनी केली, पण करण्याआधी विचारून घेतलं, "पतंग अगदीच नाही म्हणता?"

"मावशी, पतंगाच्या लगतच्या बाजूंच्या जोड्या सारख्या असतात," धाकटी म्हणाली. "इथं तर चारही सारख्या. म्हणजे हा पतंगही आहेच."

मावशींनी बँकवाल्यांकडं जे बघितलं ते बघण्यासारखं होतं. सभेत एकट्याच हात वर करून बसल्या होत्या बिचाऱ्या.

सेक्रेटरींनी 'इतर' या रकान्यासमोर समभुज चौकोन असं लिहिलं आणि जुना ठराव रद्द केला. गवंड्यानं खुंट्या काढल्या, दोरी गुंडाळली आणि फक्की झाडून टाकली. विटा परत लावून देतो म्हणाला. काका म्हणाले, "राहू दे, आमच्या आम्ही लावू."

तेव्हापासून धाकटी रविवारी येते. दोघं मिळून विटा लावतात. ती सूत धरते, काका वीट बसवतात, मग ती म्हणते तिरकी झाली, काका म्हणतात तिरकीच हवी आहे, मग ती म्हणते त्यापेक्षा जास्त तिरकी झाली. अर्धा वेळ यातच जातो. उरलेल्या वेळात चहा होतो आणि ताईच्या गोष्टी निघतात. त्यातल्या काही काकांना ठाऊक नव्हत्या आणि काही धाकटीला. मागल्या रविवारी ती आली नाही, परीक्षेचे पेपर तपासायचे होते. काकांनी पाणी तेवढं घातलं, विटांना हात लावला नाही.

भिंतीकडची बाजू पहिल्यापासून होतीच. गुलाबाकडची तिरपी लावून झाली, तिच्यापुढची आडवीही झाली. स्कूटरकडची तिरपी बाजू अजून लावायची राहिली आहे.